स्वसंरक्षणासाठी पिस्तूल व शस्त्र परवाना (बीड जिल्हा)

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणे भारतात केवळ परवान्यानेच शक्य आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार हा परवाना ग्रामीण जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी, तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. अंगावर सहज वागवता येईल असे लहान आणि परवडणारे शस्त्र कोणते, या प्रश्नाचे भारतातील उत्तर दुकानात मिळण्याआधी कायद्यात मिळते. शस्त्राचा बोअर, त्याचा निर्माता, परवान्याची मुदत आणि परवान्याचे क्षेत्र या चार गोष्टी ठरल्या की खरेदीदाराच्या हाती निवडीसाठी फार थोडे उरते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस शस्त्र परवान्यांची संख्या हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आणि त्या निमित्ताने या कायद्यातील अनेक तरतुदी सामान्य वाचकांपर्यंत पोहोचल्या.

== पार्श्वभूमी ==

बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई अशा अकरा तालुक्यांचा हा जिल्हा मराठवाड्यात आहे. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ब्रिटिश भारतात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. व्हाइसरॉय लिटनच्या काळातील हा कायदा भारतीयांना निःशस्त्र करणारा मानला जात असे आणि त्यावर राष्ट्रीय चळवळीतून सतत टीका झाली. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.  मात्र शस्त्र हा नागरिकाचा हक्क आहे असे त्याने मानले नाही. परवाना मिळणे हे प्राधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून राहिले आणि आजही तसेच आहे.

शेतीच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी पूर्वी घेतलेल्या ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या लांब बंदुका आणि अंगावर वागवायचे पिस्तूल यांत कायद्यानेही भेद केलेला आहे आणि व्यवहारात तो मोठा आहे. लांब बंदूक लपत नाही. ती घरी, मळ्यात किंवा बँकेच्या दारात दिसते. पिस्तूल मात्र सदऱ्याखाली दडते, गाडीच्या कप्प्यात राहते आणि सभेत, लग्नात, बाजारात माणसाबरोबर फिरते. त्यामुळे परवाना देताना पिस्तुलाच्या मागणीकडे अधिक बारकाईने पाहिले जाते.

== परवाना कोणाला मिळतो ==

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जासोबत शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याविषयीचे हमीपत्र आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. बीडसारख्या जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होतो, तेथून तो पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे अर्जदाराच्या हद्दीतील पोलीस ठाण्याकडे चौकशीसाठी जातो. पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत येणे अपेक्षित असते. अहवालात अर्जदारावरील गुन्हे, त्याची वर्तणूक आणि त्याने सांगितलेला धोका खरा आहे का, याची नोंद असते.

शस्त्राची गरज कशी ठरवायची, हा या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग आहे. नियमांनुसार ज्याच्या व्यवसायाच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जीविताचे अथवा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरीखुरी गरज निर्माण होते, अशा व्यक्तीचा अर्ज विचारात घेता येतो. सराफ, रोख रकमेची ने-आण करणारे व्यापारी, धमक्या आलेले लोकप्रतिनिधी किंवा साक्षीदार ही त्याची नेहमीची उदाहरणे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाचे कलम १४ सांगते. सधन माणसालाच शस्त्र, गरिबाला नाही, हा जुना प्रघात या तरतुदीने कागदावर तरी मोडला. नकार द्यायचा तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. लोकहितास बाधा येईल असे प्राधिकाऱ्याला वाटल्यास ती कारणे अर्जदाराला कळवणे तो टाळू शकतो. नकाराविरुद्ध कलम १८ अन्वये वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते.

डिसेंबर २०१९ मध्ये अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला पूर्वी तीन अग्निशस्त्रे ठेवता येत. ती मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. याच दुरुस्तीने आनंदोत्सवात केलेल्या गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा आणली. इतरांच्या जीविताला धोका होईल अशा रीतीने असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

== बोअर : निवडीची पहिली चौकट ==

नळीच्या आतील व्यासाला बोअर म्हणतात. भारतीय कायद्यात बोअर हा निव्वळ तांत्रिक शब्द राहिलेला नाही. शस्त्र सामान्य नागरिकाला मिळू शकते की नाही, हे त्यावर ठरते. सैन्य आणि पोलीस दलांची काडतुसे ज्या शस्त्रांत चालतात, ती 'प्रतिबंधित बोअर' या वर्गात मोडतात. ९ मिमी पिस्तूल, .३८० आणि .४५५ रिव्हॉल्व्हर ही या वर्गातील हातशस्त्रे. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे आणि अशी परवानगी क्वचित मिळते. या वर्गीकरणामागे साधा विचार आहे. सरकारी कोठारातून चोरीला गेलेले काडतूस खासगी पिस्तुलात चालू नये.

अप्रतिबंधित वर्गात .३२, .२२, .२५ यांसारखे बोअर येतात. यांपैकी .३२ हाच भारतातील सर्वसामान्य परवानाधारकाचा बोअर झाला. अमेरिकेत किंवा युरोपात स्वसंरक्षणासाठी ९ मिमी ही आज रूढ निवड आहे आणि .३२ हा जुना, काहीसा दुबळा बोअर मानला जातो. भारतातील खरेदीदाराला ही तुलना उपयोगी पडत नाही, कारण त्याच्यापुढे ९ मिमीचा पर्यायच नसतो. परदेशी मासिके किंवा चित्रफिती पाहून पिस्तूल निवडू पाहणाऱ्यांची येथेच फसगत होते.

.३२ च्या नावाखाली दोन वेगळी काडतुसे येतात, हेही लक्षात घ्यावे लागते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व तळाशी कडा असलेले असते, तर पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरण्यासाठी नसते. रिव्हॉल्व्हरची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

== उपलब्ध शस्त्रे आणि किंमत ==

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी पिस्तुलांची आयात जवळजवळ बंद झाली. त्याआधी आलेली वेब्ली किंवा वॉल्थर बनावटीची शस्त्रे आजही हस्तांतरित होतात, परंतु दुर्मिळतेमुळे त्यांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट असते. त्यामुळे सामान्य परवानाधारक सरकारी आयुध कारखान्यांकडे वळतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरस्थित ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे लहान शस्त्रांचे कारखाने आले.

कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात बनणारे .३२ रिव्हॉल्व्हर हे यांतील सर्वांत परिचित शस्त्र. त्याची रचना जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. नळी पुढे वाकवून चक्र उघडायचे आणि त्यात सहा काडतुसे भरायची. नळी सुमारे तीन इंच लांब असते आणि वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. इशापूरच्या रायफल कारखान्याने .३२ चे 'अशनी' हे पिस्तूल आणि .२२ चे 'निडर' हे अवघे सुमारे २५० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' या .३२ रिव्हॉल्व्हरचे चक्र नळी न वाकवता बाजूला काढता येते. त्याचा प्रभावी पल्ला ५० मीटर असल्याचे निर्मात्याने जाहीर केले होते. खासगी क्षेत्रात ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉटने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे भारतीय भागीदारासह .३२ रिव्हॉल्व्हर बनवण्यास सुरुवात केली.

'निर्भीक' या रिव्हॉल्व्हरची चर्चा सर्वांत जास्त झाली. कानपूरमधील कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ते स्त्रियांसाठी म्हणून सादर केले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर पीडितेला दिल्या गेलेल्या नावाची छाया या नावावर उघड होती. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत आले आणि ते पर्समध्ये मावेल असे सांगितले गेले. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या स्त्रिया रात्रपाळी करून एकट्या परततात किंवा बसने प्रवास करतात, त्यांच्या आवाक्याबाहेरचे हे शस्त्र त्यांच्यासाठी कसे, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. सुरक्षिततेची जबाबदारी राज्यसंस्थेकडून काढून पीडितेच्या पर्समध्ये टाकली जात आहे, ही स्त्रीसंघटनांची टीका आजही लागू पडते.

किमतीवर कराचाही भार आहे. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांवर वस्तू व सेवा कर २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. प्रशिक्षण, काडतुसे, घरातील कुलूपबंद कपाट आणि परवान्याचे नूतनीकरण हा खर्च वेगळा. 'परवडणारे पिस्तूल' हा शब्दप्रयोग भारतात त्यामुळे काहीसा विसंगत ठरतो.

== लहान शस्त्राचे गुण व मर्यादा ==

शस्त्र जितके लहान तितके ते वागवायला सोपे आणि चालवायला अवघड, हा नियम जगभर सारखाच आहे. नळी आखूड असली की पुढचा व मागचा नेम यांतील अंतर कमी होते आणि हाताची किंचितशी चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. वजन कमी असले की धक्का अधिक जाणवतो. मूठ लहान असेल तर करंगळीला आधार मिळत नाही. निडरसारखे हलके .२२ शस्त्र खिशात राहते, पण त्याच्या गोळीचा आघात मर्यादित असतो.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतील निवडही अशीच देवाणघेवाणीची आहे. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. ते भरलेले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच दिसते, आणि एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढल्यावर पुढचे काडतूस समोर येते. मात्र चक्राच्या जाडीमुळे ते कपड्यांखाली फुगीर दिसते आणि घोडा आधी न ओढता चाप दाबला तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. पिस्तूल चपटे असते, त्यामुळे ते चांगले लपते. पण मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा गैरसमज अपघाताला कारण होतो. नळीच्या कोठीत एक काडतूस राहिलेले असू शकते. मराठवाड्यातील उन्हाळा आणि घाम हाही विचारात घेण्याजोगा घटक आहे. कमरेला सतत वागवलेले पोलादी शस्त्र नियमित पुसून तेल न दिल्यास गंजते, आणि घामाने भिजलेल्या जुन्या काडतुसावर विसंबता येत नाही.

प्रशिक्षणाच्या एका प्रमाणपत्राने नेमबाजी येत नाही. सरावासाठी काडतुसे लागतात आणि परवान्यावर काडतुसांची संख्या ठरवून दिलेली असते. सराव अधिकृत नेमबाजी मैदानावरच करता येतो. मळ्यात झाडावर नेम धरणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो.

== दडवून बाळगणे : कायदा काय म्हणतो ==

अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र उघड बाळगणे आणि दडवून बाळगणे यांसाठी वेगळे नियम आहेत. २३ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या कायद्याविषयी निकाल देताना घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्काचा भाग मानला. भारतात असा हक्क नाही आणि दडवून बाळगण्याचा वेगळा परवानाही नाही. स्वसंरक्षणाच्या परवान्यातच शस्त्र सोबत बाळगण्याची मुभा असते, आणि ती अटींनी बांधलेली असते.

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये असले पाहिजे. ते परजणे किंवा दाखवणे यांस मनाई आहे. जत्रा, धार्मिक मिरवणुका, सार्वजनिक मेळावे आणि शैक्षणिक संस्थांचा परिसर येथे शस्त्र नेता येत नाही. परवान्यावर नमूद क्षेत्राबाहेर ते नेणे हाही भंग होय. मागणी झाल्यावर परवाना दाखवावा लागतो. शस्त्र परवाना नसलेल्या माणसाच्या, मग तो सख्खा भाऊ असो वा चालक, स्वाधीन करता येत नाही. अटींच्या भंगासाठी कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवाना जाऊ शकतो.

परवाना असला म्हणून गोळी चालवण्याची मोकळीक मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही. समोरच्याचा मृत्यू ओढवेल इतका बळाचा वापर कलम ३८ आणि ४१ मधील मोजक्या प्रसंगांतच समर्थनीय ठरतो. शेताच्या बांधावरील भांडण त्या यादीत सहसा बसत नाही.

== बीडमधील परवान्यांचा वाद ==

२९ जून २०२४ रोजी परळी शहरात मरळवाडीच्या सरपंचांची गोळ्या झाडून हत्या झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना अमानुष मारहाण करून ठार करण्यात आले. दुसऱ्या घटनेत अग्निशस्त्राचा वापर झालेला नव्हता. तरीही जिल्ह्यातील दहशतीच्या वातावरणाची चर्चा सुरू होताच शस्त्रांचा प्रश्न पुढे आला. कमरेला पिस्तूल लावलेल्या, हातात शस्त्र घेतलेल्या व्यक्तींची छायाचित्रे आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. परळीतील एका व्यक्तीने हवेत गोळीबार केल्याच्या चित्रफितीवरून गुन्हा दाखल होऊन अटक झाली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याकडे लक्ष वेधले आणि शेजारच्या परभणी जिल्ह्यातील अत्यल्प संख्येशी त्याची तुलना केली.

परवान्यांची संख्या एवढ्यावरून गुन्हेगारी मोजता येत नाही, कारण परवानाधारक शस्त्र नोंदलेले आणि शोधता येण्यासारखे असते. या प्रकरणात अधिक गंभीर बाब वेगळी होती: गुन्हे दाखल असलेल्या अनेकांकडे परवाने असल्याचे पोलिसांच्या पडताळणीत दिसले. परवाना एकदा दिल्यानंतर त्या व्यक्तीची वर्तणूक पुन्हा तपासली जाते का, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. पोलीस अधीक्षकांच्या प्रस्तावांवरून जिल्हादंडाधिकाऱ्यांनी जानेवारी २०२५ पासून परवाने रद्द करण्यास सुरुवात केली आणि पहिल्या टप्प्यातच ही संख्या शंभरावर गेली.

अशी कारवाई अधिनियमाच्या कलम १७ खाली होते. सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता, अर्जात दिलेली खोटी माहिती आणि अटींचा भंग ही त्यातील प्रमुख कारणे. परवाना रद्द झाल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत यापेक्षा निराळी आहे. ती तात्पुरती असते आणि सर्वांकडून सरसकट शस्त्रे जमा करून घेता येणार नाहीत, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले.

== गावठी कट्टा ==

परवान्याच्या मार्गाने मिळणारे शस्त्र महाग आणि वेळखाऊ असल्यामुळे बेकायदा शस्त्रांचा बाजार टिकून आहे. गावठी कट्टा किंवा देशी पिस्तूल हे त्याचे रूढ रूप. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या अशा शस्त्रांच्या तपासात सातपुड्याच्या परिसरातील, जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव वारंवार येते. या शस्त्रांची चाचणी कोणी केलेली नसते. नळीसाठी वापरलेले लोखंड काडतुसाचा दाब सोसेल याची खात्री नसल्याने ते चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षांचा कारावास आहे. शस्त्र प्रतिबंधित वर्गातील असेल तर किमान सात व कमाल चौदा वर्षांचा. बेकायदा निर्मिती व विक्रीसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

== परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ==

परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे पिस्तूल कपाटात तसेच ठेवणाऱ्या कुटुंबाकडे त्या क्षणापासून विनापरवाना शस्त्र असते, आणि ही गोष्ट अनेकांना नूतनीकरणाची नोटीस आल्यावरच कळते. वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून त्याची पावती घ्यावी लागते. कुटुंबातील एखाद्याला ते ठेवायचे असल्यास त्याने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो. इतर वारसांची संमती, पोलीस चौकशी आणि प्रशिक्षणाची अट त्यालाही लागू होते. कोणालाच नको असल्यास शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास किंवा विक्रेत्यास परवानगीने विकता येते.